प्रेसचं चाक

परवा कर्जतला सायकलच्या दुकानात ग्रीसचा वास आला आणि मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे, खालापुरातल्या कारखान्यात जाऊन पोचलो.

तिथे मी सेटर होतो. पत्रा कापायच्या प्रेसवर साचे मी बसवून द्यायचो, मग कामगार त्यावर दिवसभर माल काढायचे. कोंडाण्याचा जानू त्यांतलाच एक. त्या दुपारी वरचा साचा खाली आला आणि जानूचा उजवा हात आतच राहिला. मोटर बंद केली, तरी साचा वर जाईना. मोठं चाक हातानं उलटं फिरवल्याशिवाय सुटका नव्हती, आणि ते काम सेटरचं.

जानू ओरडला नाही. हळूच म्हणाला, "बोटं हायत का रं?"

मला आतलं सगळं दिसत होतं. "हायत," मी म्हणालो. "तू माझ्याकडं बघ."

चाक इंचाइंचानं फिरलं. हात बाहेर आला, तेव्हा अंगठा तेवढा उरला होता.

जानू पुन्हा कामावर आला नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्या वेळी मी त्याला धीर दिला. आता वाटतं, बोटं गेली हे त्याला आधीच कळलं होतं. तो ओरडला असता, तर माझ्या हातून ते चाक फिरलंच नसतं.