उजेडाकडे धरलेला सदरा

रोज सकाळी नवऱ्याने अंगात घालायच्या आधी ती त्याचा सदरा खिडकीच्या उजेडाकडे धरायची. खांद्यांच्या शिवणीत दोन्ही हातांनी पकडून, डोळे बारीक करून. तो बनियनवर ताटकळत म्हणायचा, "अगं, मीटर वाचायला जायचंय मला, प्रदर्शनात नाही." पण कापड गिरणीच्या तपासणी विभागात बावीस वर्षं काढलेल्या बाईला कापडाकडे नुसतं बघताच येत नव्हतं.

तिथलं टेबल काचेचं, उतरतं. काचेखाली ट्यूबलाइट, वरून तागा सरकत जायचा. कुठे तुटलेला धागा, कुठे गाठ, कुठे विरळ वीण. दोष दिसला की ती तागा थांबवायची आणि तिथे किनारीला लाल दोरा बांधायची. गिरणीत तिला सगळे 'भिंग' म्हणत. भिंगातून माणसंही सुटत नसत. दुकानदाराने हसून दोन लिंबं जास्त टाकली, तर घरी येऊन ती पिशवीतलं एकेक लिंबू दाबून बघायची.

नवरा तेवढा तिच्या तपासणीतून पास झालेला होता. एकोणतीस वर्षं तो घरोघरी विजेचे मीटर वाचत, जिने चढत-उतरत होता आणि आपल्या पायांचा त्याला भारी गर्व होता. तसा हात आखडता. वर्षातून एकदा बायकोला फिरायला न्यायचा, तेही टेकडीवरच्या बागेतच. कारण नऊच्या आत गेलं की प्रवेश फुकट, पायथ्यापर्यंत साधी बस, डबा घरचा. पायथ्यापासून वर व्हॅन जायची, पण तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. तीनशे बारा पायऱ्या एका दमात चढायचा आणि वरून ओरडायचा, "येतेस, की अंथरूण पाठवू खाली?"

यंदा बसमधून उतरल्या उतरल्या तो म्हणाला, "व्हॅनने जाऊ या का?"

तिच्या मनात पाल चुकचुकली.

"का बरं?"

"सहज. तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? चला मुकाट्याने."

खरं तर पाल महिनाभर चुकचुकत होती. गेले तीन मंगळवार तो तासभर उशिरा आला होता. बुटांना तांबडी माती. विचारलं तर म्हणाला, "लांबची वस्ती दिलीय." शेजारच्या टेबलावरच्या बाईला, जिला सगळ्या 'रेडिओ' म्हणत, तिने हे सांगितलं, तेव्हा रेडिओ लगेच सुरू झाला होता. "पन्नाशी उलटलेला पुरुष उशिरा यायला लागला ना बाई, की त्याचे बूट नाही, कॉलर बघावी." कॉलर तिने बघितली होती. उजेडाकडे धरून. काही सापडलं नव्हतं, आणि काही न सापडणं हेच तिला जास्त खुपत होतं.

चाळीसेक पायऱ्यांवर पहिलं वळण आलं. तो कठड्याला टेकला आणि म्हणाला, "व्वा! काय देखावा आहे!"

ती चमकली. इतक्या वर्षांत वर पोचल्यावर हा माणूस फक्त गच्च्या मोजायचा, आणि "ती माझी लाइन, ती पलीकडच्याची" असं सांगायचा. त्याला देखावा कधीपासून दिसायला लागला?

दुसऱ्या वळणावर पुन्हा देखावा. तिसऱ्या वळणावर तर बाकच होता, झाडाआड, खालून न दिसणारा. तो सरळ तिकडे गेला. बाक तिथे आहे हे याला कसं ठाऊक? तिने खाली बघितलं, तर तिच्या चपलांना तांबडी माती लागली होती. अगदी त्याच्या बुटांवर असायची तशीच.

फाटकाशी पहारेकरीण बसली होती. त्याला बघून ओळखीचं हसली. "आज एकटे नाही वाटतं, काका?"

"पाणी... पाणी कुठे मिळेल?" तो भलतंच बोलला आणि पुढे सटकला.

म्हणजे हा इथे येत होता. तिला न सांगता, तीनदा. झाडाआडचे बाक ठाऊक होईपर्यंत. कुणाबरोबर, हे विचारायला तिची जीभ रेटेना. पहारेकरीण 'एकटे' म्हणाली होती खरी, पण फाटकाच्या आत कोण वाट बघत बसायचं, हे त्या बाईला काय माहीत?

वर पोचल्यावर त्याचा सदरा घामाने चिंब झाला होता. वारा गार होता, तरी. त्याने तो काढून कठड्यावर वाळत टाकला आणि तोंड धुवायला नळाकडे गेला. ती सदऱ्यापाशी उभी राहिली. मग सवयीने, की संशयाने, तिने तो खांद्यांच्या शिवणीत धरून उन्हाकडे उचलला.

कापडातून अख्खं गाव दिसत होतं. गच्च्या, पाण्याची टाकी, तिच्या गिरणीचं धुराडं, सगळं फिकट, विणीच्या आड. आणि छातीवरच्या खिशात एक चौकोनी सावली. दहा घरांची गोळ्यांची पट्टी. चार घरांतून ऊन आरपार येत होतं.

तो परतला तेव्हा सदरा तिच्या हातातच होता.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

तो बाकावर बसला. बराच वेळ श्वासच घेत राहिला. "दीड महिना. जिना चढताना छातीत भरून यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. अजून तपासण्या करायला सांगितल्यात."

"आणि मंगळवारी इथे काय करत होता?"

"सराव," तो ओशाळून म्हणाला. "मध्ये कुठे कुठे थांबलं म्हणजे तुला कळणार नाही, ते बघत होतो."

तिला हसू आलं, पण क्षणभरच. महिनाभर ती कॉलर बघत बसली होती. आणि आज त्याने व्हॅन म्हटली, तर तिनेच त्याला तीनशे बारा पायऱ्या चढवल्या.

"मला सांगायला काय तोंड शिवलं होतं का?"

"सांगितलं असतं तर तू मला लाल दोरा बांधून बाजूला ठेवलं असतंस. ऑफिसनेही बिलाच्या खिडकीत बसवलं असतं. घरात नको, बाहेर नको, बस एका जागी."

"बावीस वर्षं ऐकताय माझ्या कामाचं, आणि एवढंच कळलं तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "दोरा काय तागा फेकायला बांधतात? रफू करणाऱ्याला जागा सापडावी म्हणून बांधतात. उद्या मी रजा टाकतेय. डॉक्टरांकडे मीही येणार. आणि तिथे तरी खोटं बोलू नका."

तो हळूच म्हणाला, "मी फेल, म्हणजे."

"आधी डबा खा."

उकडलेली अंडी त्यांनी मीठ लावून खाल्ली. पट्टी तिने आपल्या पर्समध्ये टाकली, लाल दोऱ्याच्या रिळाशेजारी. उतरताना त्याने सवयीने पायऱ्यांकडे पाय वळवले, तर तिने दंड धरून त्याला व्हॅनकडे वळवलं. "उतरायलाही पैसे?" तो पुटपुटला.

व्हॅनचा थांबा बागेच्या मागे, थोडा वर होता. वीस-बावीस पायऱ्याच. दहाव्या पायरीवर तिला त्याचा श्वास ऐकू आला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. कठड्याला टेकली, पदर सारखा केला आणि खाली बघत म्हणाली, "थांबा हो जरा. इथून छान दिसतंय."