वीस मिनिटं धरलेली पहार

माझ्या बाबांना सगळे पहारवाले म्हणत. कारखान्यातली अवजड मशीनं जागची हलवायची, हा त्यांचा धंदा. अंगाने एवढे किरकोळ, की फुंकर मारली तर उडतील. पण पहार घालून, तिच्याखाली ठोकळ्याचा टेकू देऊन भलंथोरलं मशीन बोटभर उचलायचे. मग काका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, खाली लोखंडी नळ्या सारायचा, त्यांवरून मशीन घरंगळत जायचं. दोघांचा एकच नियम: काका ‘निघालो’ म्हणेपर्यंत बाबांनी पहार सोडायची नाही.

मी सहा वर्षांची असताना काका मशीनखाली सापडून गेला. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, म्हणून मला तेवढंच ठाऊक.

नववीत असताना एकदा मी विज्ञानाचा धडा मोठमोठ्याने पाठ करत होते. बल लावल्यावर वस्तू हलली, तरच कार्य झालं. बाबा जेवत होते. म्हणाले, “आणि जीव खाऊन जोर लावला, पण हललंच नाही तर?”

“तर कार्य शून्य.”

“माणूस घामाघूम झाला तरी?”

“अहो बाबा, शून्य म्हणजे शून्य! पुस्तकात काय उगाच लिहिलंय?”

माझ्या जिभेला पहिल्यापासून हाड नाही. ते अर्ध्या ताटावरून उठले. मला वाटलं, पोट भरलं असेल. काय ही माझी अक्कल!

खरं काय ते गेल्या महिन्यात काकूने सांगितलं, बाबा अंथरुणाला खिळल्यावर. नळी निसटली, मशीन काकावर कललं. बाबांनी पहार घातली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. मशीन आणखी खाली आलं नाही, पण वरही जाईना. जॅक यायला वीस मिनिटं लागली. काका त्याआधीच गेला होता. “लोक म्हणत होते, सोड आता,” काकू म्हणाली. “सोडेनात. शेवटी एकेक बोट उकलून पहार काढली.”

मी आता शाळेत तोच धडा शिकवते. तशीच उठून बाबांकडे गेले. म्हटलं, “बाबा, मी तेव्हा अर्धवटच सांगितलं हो. वस्तू हलली नाही, तरी माणसाचे स्नायू आतून राबतच असतात, अंगातली शक्ती जळतच असते. ते शून्य नसतं.” आणि मला रडूच फुटलं.

बाबांनी माझा हात धरला. “वेडी आहेस. पुस्तकावर कशाला रागावू? पहारीखालचा ठोकळा मशीनला जितका जवळ, तितका भार हलका. मी घाबरलो, वीतभर लांब ठेवला. लगेच ध्यानात आलं माझ्या. पण ठोकळा सरकवायचा, तर पहार सोडावी लागली असती.”

मी नुसती त्यांच्या उशाशी बसून राहिले.