कोऱ्या नमुन्यातला उंचवटा

दिगंबर खराटे वाशिमहून चंदीगडला आले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, आता सत्तावन्नाचे आहेत. मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संशोधन संस्थेत ते तांत्रिक अधिकारी. क्रोमॅटोग्राफीची तीन यंत्रं आणि त्यांचं सॉफ्टवेअर त्यांच्या ताब्यात. यंत्रात नमुना सोडला की त्यातले घटक वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर पडतात आणि पडद्यावरच्या रेषेवर उंचवटे उमटतात. तिथे त्यांना पीक म्हणतात. कुठलं पीक मोजायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे सॉफ्टवेअरला आधी सांगून ठेवावं लागतं. त्या कामात खराट्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शोधनिबंधात त्यांचं नाव आलं तर आभारात यायचं, आणि बरेचदा 'खराडे' असं.

चार वर्षांपूर्वी कराडची स्वराली तिथे पीएच.डी.ला आली. खराटे फोनवर बायकोशी बोलत होते ते ऐकून ती दारातच थबकली. "सर, तुम्ही मराठी?" महिन्याभरात सरांचे काका झाले. रविवारी ती झिरकपूरला त्यांच्या फ्लॅटवर जेवायला येऊ लागली. खराट्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी विमलताई तिच्या आवडीची भरली वांगी करायच्या आणि परत जाताना डबा द्यायच्या.

स्वराली मुल्लानपूरच्या आसपासच्या गावांतल्या हातपंपांचं पाणी तपासत होती. एका कीटकनाशकाचा अंश जमिनीत मुरून पाण्यात उतरतो का, हा तिचा विषय. उन्हातान्हात स्कूटीवरून हिंडून तिने दोनशेवर बाटल्या गोळा केल्या. सात मिनिटांच्या जरा पुढे एक पीक येत होतं, नेमकं त्या अंशाच्या जागी. जवळच्या गावांत लहान, दूरच्या गावांत मोठं. शोधनिबंध छापून आला. मार्गदर्शक बेदी मॅडमनी पेढे वाटले.

या मार्चमध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. जुने निकाल तिच्यात तसेच येतात का, हे पडताळणं खराट्यांचं काम. त्यांनी स्वरालीच्या सगळ्या रेषा सहज एकावर एक मांडल्या. सर्वांत खाली कोरा नमुना, म्हणजे ब्लँक होता, निव्वळ शुद्ध पाणी. त्यातही सात मिनिटांपुढे बारीकसा उंचवटा होता.

अहवालात मात्र तिथे 'आढळले नाही' असंच छापलेलं होतं. कारण एका मर्यादेपेक्षा लहान पीक मोजू नये, अशी सूचना सॉफ्टवेअरला दिलेली होती. कुणी दिली? सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. त्यांनी ती उघडली. सात वर्षांपूर्वीची तारीख, दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकल्पाचं काम, आणि नाव त्यांचंच. ती मर्यादा काढायची राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्रात ठेवायच्या एका कुपीत शुद्ध पाणी भरलं, नेहमीचं रबरी झाकण लावलं आणि दर तासाला तीच कुपी तपासली. पीक वाढत गेलं. ते पाण्यातलं नव्हतंच, झाकणाच्या रबरातून उतरत होतं. स्वराली कुप्या गावांच्या क्रमाने लावायची. दूरच्या गावांचा नंबर शेवटी यायचा, त्यामुळे त्या कुप्या जास्त वेळ यंत्रात थांबायच्या. बास, एवढंच.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. चारला त्यांनी स्वरालीला बोलावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिने सर्वांत खालच्या रेषेवर बोट ठेवलं.

"ब्लँकमध्ये आहे हे, काका?"

"हो."

"आणि ही मर्यादा?"

"मी घातलेली. बघायला पाहिजे होतं मी. माझी चूक आहे, बाळा."

ती रडली नाही. "मीही रेषा कधी उघडल्या नाहीत," ती म्हणाली. "अहवालच बघत राहिले. तुम्ही बसवलंय म्हटल्यावर..."

बेदी मॅडमना दोघांनी मिळून सांगितलं. मॅडम आधी संतापल्या, मग हळूच म्हणाल्या, "खराटेजी, आपसे ये उम्मीद नहीं थी." खराट्यांनी झालेल्या चुकीबद्दल लेखी निवेदन दिलं, त्यात सगळा दोष स्वतःकडे घेतला. शोधनिबंध मागे घेतला गेला. मागे घेतल्याच्या सूचनेत मात्र पहिलं नाव स्वरालीचंच राहिलं. शिष्यवृत्तीचं एकच वर्ष उरलं होतं. नवा विषय घेऊन बघ, असं मॅडमनी सुचवलं. जूनमध्ये तिने पीएच.डी. सोडली आणि हिमाचलातल्या बद्दीच्या एका औषध कारखान्यात नोकरी धरली.

जायच्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली आणि खराट्यांच्या पाया पडली. "तुम्ही सांगितलंत ते बरोबरच केलंत, काका." ते काही बोलणार तोवर ती निघालीही.

त्यानंतरच्या रविवारी विमलताईंनी सवयीने वांगी आणली. खराट्यांनी ती शेजारच्या कौरबाईंकडे नेऊन दिली.

दिवाळीत विमलताईंनी फोन लावला. स्वराली छान बोलली. खोली कशी मिळाली, डोंगरात थंडी किती पडते, चकल्या का मऊ पडतात, असं पाऊण तास चाललं. खराटे गॅलरीत कपडे वाळत घालत होते. प्रत्येक वाक्यानंतर आता आपल्याला हाक येईल, असं त्यांना वाटत होतं. फोन ठेवल्यावर विमलताई बाहेर आल्या.

"नमस्कार सांगितलाय तुम्हाला."

"बरं," ते म्हणाले, आणि हातातला टॉवेल पुन्हा झटकून दोरीवर टाकला.