हत्तीच्या दराने विमान

१९६३ सालच्या जानेवारीतला दुसरा बुधवार. मागणी दोनशे आठ रुपये बारा नये पैशांची. हजर: सरपंच, पटवारी, जिची तूर गेली ती तांड्यावरची बाई, आणि पंच म्हणून मी, गावचा शाळामास्तर. बाकीचं गावही हजर होतं. पण ते पंचनाम्यात नाही, तुरीत उभं होतं.

झालं होतं ते असं. त्याआधीच्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास मालाचं एक विमान आमच्या शिवारात पडलं. धुक्यामुळे त्याला नागपूरला उतरता आलं नव्हतं, म्हणून ते यवतमाळजवळच्या मुरमाच्या धावपट्टीकडे निघालं होतं. धुकं तिथेही होतं आणि इथेही. पट्टी आली असं समजून वैमानिकाने विमान खाली घेतलं ते बाईच्या वावरात. माझं वावर त्याला लागून आहे. मी दोन्हींमधल्या बांधावर, धुऱ्यावर उभा होतो. आवाज ऐकला, पण अर्धा तास दिसलं काहीच नाही. विमानात दोघं होते. एकाचा पाय मोडला, एकाचे दोन दात गेले. त्यांना आम्ही बैलगाडीत घालून दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. पाय मोडलेला वाटेत सारखा विचारत होता, पट्टी किती राहिली? अठरा मैल, मी म्हणालो, पण आपण उलट्या दिशेने चाललो आहोत.

विमानात चहाच्या पेट्या होत्या. त्या किती होत्या हे कंपनीने कळवलं, किती सापडल्या हे पोलिसांनी लिहिलं. दोन्ही आकड्यांतला फरक त्या हिवाळ्यात आमच्या गावात उकळत होता. चौकशीला आलेल्या जमादाराने चार घरी चहा घेतला आणि खेड्यात इतका उंची चहा मिळतो याचं कौतुक केलं.

बाईचं वावर दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे. विमानाने खरडली चौदा गुंठे. विमान पाहायला आलेल्यांनी तुडवली साठ. उरली सहा. यातली तीन गुंठे माझ्यामुळे गेली, कारण मी शाळेची बासष्ट मुलं रांगेने विमान दाखवायला नेली होती आणि रांग मोडली. त्याचे आठ रुपये चव्वेचाळीस नये पैसे मी तिला त्याच आठवड्यात दिले. बाकी सत्तावन्न गुंठे कोणी तुडवली, ते कोणालाही आठवत नव्हतं.

बाईच्या जोडीतला एक बैल पोळ्यानंतर मेला होता. तूर विकून ती दुसरा घेणार होती. बैल नाही तर पेरणी दुसऱ्याच्या जोडीवर, म्हणजे सगळ्या गावाची उरकल्यावर. नवरा नव्हता; जे करायचं ते तिलाच करायचं होतं.

पटवाऱ्याच्या छापील कागदावर नुकसानीची कारणं चारच होती: अतिवृष्टी, गारपीट, टोळधाड, आग.

"इमान कोन्त्यात टाकू?" त्याने विचारलं. "वरून पडलं, मंग गारपीटच झाली नं."

त्याने गारपीट लिहिलं. महिन्याभराने वरून विचारणा आली: गारांचा आकार कळवावा.

पण त्या बुधवारी बाई कागदाकडे पाहतही नव्हती. ती सरपंचाला म्हणाली, "भाऊ, माह्या वावरात तुमचा गोऱ्हा शिरला असता तं मी त्याले कोंडवाड्यात नेऊन टाकला असता. दंड भरल्याबिगर सोडला नसता. इमान काय लय मोठं लागून गेलं?"

"मोठंच हाये ते," सरपंच हसले. "कोंडवाड्यात मावते काय?"

"मंग कोंडवाडा इथं आना."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण कोंडवाड्याचं रजिस्टर मीच लिहीत असे आणि त्यातलं दरपत्रक मला पाठ होतं. शेळीपासून सुरुवात होऊन ते हत्तीपर्यंत जात होतं. आमच्या तालुक्यात हत्ती कोणी पाहिला नव्हता, तरी दर छापलेला होता: दंड एकदाच दोन रुपये, तो पंचायतीला, खावटी रोज तीन रुपये, ती जनावर सांभाळणाऱ्याला.

"मास्तर, इमान म्हंजे म्हैस होईन का हत्ती?" सरपंचांनी विचारलं.

"म्हशीला आठ आणे खावटी आहे," मी म्हणालो.

"हत्तीच ल्या."

मी रविवारपासूनची नोंद केली. जनावर हलवण्याजोगं नसल्याने तेच वावर कोंडवाडा ठरवलं आणि सांभाळणारी म्हणून बाईचा अंगठा घेतला. त्यानंतर तिने वावरात खाट टाकली. पाहायला येणाऱ्याला ती म्हणे, "दुरून पाहा, मारकं हाये."

बावन्नाव्या दिवशी कंपनीचा साहेब दोन ट्रक घेऊन विमान न्यायला आला. पिकाच्या मागणीवर त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. माणसांनी तुडवलेल्याशी कंपनीचा संबंध नाही. आणि चौदा गुंठ्यांची मंजुरी वरच्या तीन सह्यांनी होईल. सरपंचांनी त्याच्यापुढे रजिस्टर ठेवलं.

"हे जनावर नाही," साहेब म्हणाला.

"आमच्या दप्तरात हाये. दंड-खावटी भरल्याबिगर जनावर मालकाले देता येत नाही, साहेब."

"खावटी कसली? बावन्न दिवसांत याने खाल्लं काय?"

बाई खाटेवरून उठली. "दोन एकर तूर खाल्ली, साहेब. आनखी काय खाऊ घालू त्याले?"

साहेबाने ट्रकांकडे पाहिलं. त्यांचं भाडं दिवसावर होतं. मग त्याने मला बाजूला घेऊन शिक्क्याची पावती मिळेल का, असं विचारलं. नुकसानभरपाई द्यायचा त्याला अधिकार नव्हता, वाटखर्चाचा होता. हत्तीची खावटी त्याने वाटखर्चात बसवली.

दंड दोन रुपये ग्रामपंचायतीला. खावटी बावन्न दिवसांची, एकशे छप्पन रुपये, बाईला, माझ्यासमोर. त्यातले आणि तीन गुंठ्यांचे माझे मिळून एकशे साठ तिने पुढच्या बाजारी बोरी अरबला एका बैलाचे मोजले. बैल उतारवयाचा होता, पण मृगाला तिच्या वावरात होता. मागणीचे दोनशे आठ रुपये बारा नये पैसे अजून कोणाला मिळालेले नाहीत.