सात दिवसांची सही

टॅब चालू झाला, पण त्यातलं बोलणारं ॲप उघडेना. इंग्रजीतली एक ओळ आली. ती मला वाचता येत नव्हती, पण ओळखता येत होती. माझा नवरा मोरीच्या दारात पडला होता. तोंड एका बाजूला गेलं होतं. माझ्या एका हातात टॅब आणि दुसऱ्या हातात फोन होता. रुग्णवाहिकेचा नंबर लागला होता आणि पलीकडचा माणूस म्हणत होता, "हां बोलो, बोलो." मला बोलता येत नाही. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये आवाज काढून टाकला आहे. मिश्री मीच लावत होते, दुसऱ्या कुणाचा दोष नाही. मी फोनजवळ ताट बडवलं. सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत दिवसभर कापडाचे लूम चालतात. ताटाचा आवाज त्यात गेला.

ते ॲप सहीवालीने केलं होतं. लिहायचं आहे ते तिच्याबद्दल.

तिचं नाव चांगलं होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेतलं नाही. दर रविवारी सकाळी ती चपला काढायच्या आधी दारातून सांगायची, "आजी, सही करायला आले." गळ्यात केबल, माळ घातल्यासारखी. ह्यांनी तिला सहीवाली म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. तिचा बाप ह्यांच्याबरोबर एकाच खात्यात लूम चालवायचा. आमच्याच ओळीत राहायचे, मग बमरोलीला गेले. ती शिकली आणि साडीच्या व्यापाऱ्यांसाठी मोबाईलची ॲप बनवणाऱ्या ऑफिसात लागली. माझं ऑपरेशन झाल्याचं कळल्यावर भेटायला आली. मी पाटीवर लिहून बोलते आहे आणि ह्यांना चष्मा सापडत नाही, हे तिने बघितलं. महिन्याभराने ऑफिसात टाकून दिलेला एक टॅब घेऊन आली. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलणार.

पहिल्यांदा त्यात बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज होता. मी पाटीवर लिहिलं, "ही बाई माझ्या घरात नको." मग तिने स्वतःच्या आवाजात एकेक वाक्य भरलं, आमच्या अहिराणीत. तिची अहिराणी अर्धी कच्ची, निम्मी गुजराती. 'जेवाले या' हे तिने माझ्यापुढे सात-आठ वेळा म्हटलं, तेव्हा मी मान हलवली. ह्यांचे कान लूमने कधीच घेतले होते, म्हणून आवाज पूर्ण मोठा. पहिल्या दिवशी टॅब ओरडला, "जेवाले या!" हे दचकून उठले आणि म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं." ती पोट धरून हसली. मी हसले की गळ्यातल्या नळीतून खोकला येतो, तो आला.

एक लाल बटण तिने वेगळं ठेवलं होतं. ते दाबलं की तिच्या आवाजात गुजरातीत आमचा पत्ता, घराची खूण आणि 'ही बाई बोलू शकत नाही, गाडी पाठवा' एवढं सांगितलं जायचं. "हे कधी लागू नये, आजी," ती म्हणाली, "पण असावं."

सहीचं तिने मला असं समजावलं. ॲपवर बनवणाऱ्याची सही लागते, नाहीतर टॅब ते उघडू देत नाही. फुकटातली सही सात दिवस टिकते. आठव्या दिवशी आतलं सगळं जागेवर असतं, पण दार लागलेलं. मग तिने येऊन, लॅपटॉपला केबल लावून, ॲप पुन्हा बांधून वर चढवायचं. कधी पाच मिनिटांत व्हायचं. कधी लॅपटॉप लाल अक्षरं दाखवायचा. सर्टिफिकेट संपलं, नाहीतर जुनं आणि नवं जुळत नाही. "आ वळी शुं थयुं?" असं गुजरातीत वैतागून म्हणत ती जुनं सर्टिफिकेट काढून टाकायची, नवं करायची, परत केबल लावायची. नव्या सर्टिफिकेटनंतर टॅब विचारायचा, ह्या बनवणाऱ्यावर विश्वास आहे का? ते बटण ती स्वतः दाबायची नाही. टॅब माझ्यापुढे सरकवायची. "तुम्ही दाबा. विश्वास तुमचा." अगदीच अडलं की म्हणायची, "आधी भाकरी, मग सर्टिफिकेट." कळण्याची भाकरी आणि ठेचा खायची, नाक ओढत, आणि बोटं पुसून परत बसायची.

एका रविवारी कुठल्या व्यापाऱ्याचा फोन आला. ती त्याला सांगत होती, "वर्षाची फी भरून टाका ना शेठ, मग वर्षभर सहीची कटकट नाही." मी ऐकलं. फोन ठेवल्यावर पाटी पुढे केली: "मग माझं का नाही?" तिने केबल गुंडाळली. मग म्हणाली, "मग रविवारी मी कुठे जाऊ, आजी?" बाप गेला होता. घरी आई आणि आईचं एकच तुणतुणं, लग्न कर. मी पाटी पुसली. परत विचारलं नाही. आमचा मुलगा वापीहून फक्त दिवाळीला येतो. मलाही तो रविवार हवा होता.

लग्नाचं तुणतुणं मीही लावलं. ती चौतिसाची झाली होती. मी टॅबमध्ये तिच्याकडूनच एक बटण करून घेतलं, 'लगीन कर'. ती दारात आली की मी ते दाबायचे. स्वतःच्या आवाजात स्वतःला ऐकून ती म्हणायची, "बंद करा हो, आजी."

मग नंदुरबारहून एक स्थळ आलं. मंडळी रविवारी बघायला येणार होती. ती आदल्या रविवारी म्हणाली, "मी सकाळी लवकर येऊन सही करून जाते." मी मानेनेच नको म्हटलं. पळत येशील, घामेजून जाशील, त्यांच्यापुढे तशीच बसशील. टॅबवर एवढं वाक्य नव्हतं, म्हणून पाटीवर लिहिलं: "येत्या रविवारी येऊ नको. एक दिवस बोलले नाही तर कोणी मरत नाही." ती वाचून हसली. "बरं. सोमवारी ऑफिसच्या आधी येते, नऊला."

सोमवारी आठला हे पडले.

शेजारणीच्या दाराला कुलूप होतं, म्हणून ताट टाकून मी रस्त्यावर पळाले. पाटीवर लिहून पहिल्या दिसलेल्या माणसापुढे धरलं. तो ओडिशाचा कारागीर, रात्रपाळी करून चाललेला. त्याला मराठी अक्षर वाचता येईना. मी त्याचा हात धरून ओढला. त्याला वाटलं बाई वेडी आहे. हात सोडवून गेला. दुसराही तसाच. तिसरा घरापर्यंत आला, बघितलं, आणि त्याने फोन केला. गाडी आली तेव्हा पावणेनऊ झाले होते. डॉक्टर म्हणाले, "थोडं लवकर आणलं असतं तर," आणि वाक्य तिथेच सोडलं. हे चार दिवस काढून गेले.

ती बरोबर नऊला आली होती. उघडं दार, पडलेलं ताट आणि बंद ॲप तिने बघितलं. शेजारणीने नंतर सांगितलं, ती केबल गळ्यात तशीच घालून पायरीवर दुपारपर्यंत बसली होती.

तेराव्यानंतर ती आली. दारातून काही बोलली नाही. फी भरून आणली होती. केबल लावली, काम केलं, भाकरी खाल्ली नाही. टॅब माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आता वर्षभराची आहे." मग म्हणाली, "मी आधीच करायला हवी होती. माझ्यामुळे झालं, आजी."

पाटी माझ्या मांडीवर होती. खडूही होता. येऊ नको असं मीच लिहिलं होतं, हे मला लिहिता आलं असतं. चार अक्षरं पुरली असती. मी लिहिलं नाही. माझा माणूस गेला होता आणि कुणाचा तरी दोष असलेला मला बरा वाटत होता. ती उठली, चपला घातल्या आणि गेली.

ते स्थळ तिने नाकारलं असं ऐकलं. मग नोकरी बदलून अहमदाबादला गेली. आईलाही घेऊन गेली. वर्षभर टॅब तिच्या आवाजात 'जेवाले या' म्हणत राहिला. ऐकणारं कुणी नव्हतं, पण मी दाबत होते. वर्ष भरलं आणि ती इंग्रजी ओळ परत आली. मुलगा म्हणाला, दुसऱ्याकडून करून घेऊ, पण जुनं तिच्या आवाजासकट पुसावं लागेल. मी नको म्हटलं. मी आता पाटीवरच लिहिते.

त्या सोमवारी सकाळी घरात आम्ही दोघं होतो. जगले ती मी, आणि ती न लिहिलेली चार अक्षरंही माझ्याकडेच आहेत.