बिनआवाजाच्या झांजा

"हितं लागतंय का? का हितं?"

आमच्या खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हे वाक्य दिवसभर म्हणत. पेशंटच्या तोंडात आरशाची दांडी घालून एकेका दातावर हलकीशी टिचकी मारायची आणि विचारायचं. ज्याचं तोंड आ वासलेलं आहे त्याला उत्तर देता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानातच आली नाही. सवय इतकी जडलेली की जिन्याचा कठडा, गाडीवरचं कलिंगड, नवी पाण्याची टाकी, काहीही दिसलं की टिचकी मारून कान तिरका करत. कुणी वाजवून पाहतं, कुणी वास घेऊन पाहतं, अशी माणसं तुमच्याही माहितीत असतील. आमचे डॉक्टर ठोकून पाहणारे होते.

मी ड्रम वाजवते. दिवसा बँकेत नोकरी, आणि शनिवार-रविवारी आम्हा सहा बायकांचा वाद्यवृंद. सोलापुरात आणि आसपास, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आम्ही कार्यक्रम करायचो. माझा ड्रमसेट खराखुरा होता, पितळी झांजांचा, माझ्या पगारातून घेतलेला. तो घराच्या मागच्या खोलीत असायचा, आणि संध्याकाळी बँकेतून आले की तासभर माझा सराव चालायचा.

एक दिवस दारात पोलीस उभा राहिला. तक्रार आली आहे म्हणाला. कुणाची, ते सांगायचं नसतं म्हणाला. मग आत डोकावून, ड्रम पाहून, माझ्या सासऱ्यांकडे वळून म्हणाला, "बाईमाणूस वाजवतंय व्हय हे?" त्यानंतर दोन दिवस सासरे जेवायला माझ्यासमोर बसले नाहीत. नवरा माढ्याला शिक्षक, रोज जाऊन-येऊन करणारा. तो म्हणाला, कशाला कटकट, काही दिवस बंद ठेव. काही दिवसांचे काही महिने झाले. शेवटी सेट सांगोल्याच्या एका बँडवाल्यानं विकत नेला. टेंपोत झांजा चढवताना त्या एकमेकींवर आपटून वाजल्या, आणि आख्ख्या इमारतीनं तो आवाज ऐकला.

तक्रार कुणी केली असेल, याबद्दल मला शंका नव्हती. तळमजल्यावर एक तेलुगू आजोबा राहत. आयुष्यभर यंत्रमागाच्या खडखडाटात काम करून निवृत्त झालेले, कानानं कमी ऐकणारे, पण चेहऱ्यानं कायम वैतागलेले. माझा सराव चालू असला की खाली अंगणात उभे राहून वर बघत राहायचे. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. दिवाळीचा फराळ सगळ्या घरी गेला, त्यांच्याकडे गेला नाही.

सेट गेल्यावर आठवडाभरात डॉक्टर वर आले. हातात एक जुनं, सेलवरचं गजराचं घड्याळ. त्याच्या पोटातून त्यांनी रुपयाएवढी पितळी चकती काढून माझ्या हातावर ठेवली. "हिला ठोका बसला की बारीकसा करंट निघतोय," ते म्हणाले. "ताई, आवाज न करणारी झांज करू या का आपण? वाजेल ती फक्त तुमच्या कानात."

तोवर त्यांची-माझी ओळख जिन्यापुरती होती. ते मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड बोलणारे, नुकतेच आमच्या इमारतीत राहायला आलेले. समोरच्याच खोलीत दवाखाना. मला त्यांचं येणं इतकं मोठं वाटलं की मी त्यांच्यादेखत रडले. ते गोंधळून खिडकीच्या काचेवर टिचक्या मारत उभे राहिले.

मी जुना इलेक्ट्रॉनिक संच घेतला. रबरी पॅड आणि आवाज काढणारी एक पेटी. ड्रम ठीक होते, पण त्याच्या झांजा मुक्या जनावरासारख्या. कुठंही मारा, एकच आवाज. खऱ्या झांजेला तीन जागा असतात. मधला फुगवटा घंटेसारखा किणकिणतो, सपाट अंग काठीखाली चरचरतं, आणि कड भसकन फुटते. शिवाय कड चिमटीत धरली की आवाज तिथल्या तिथं थांबला पाहिजे. हे सगळं मी डॉक्टरांना समजावलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "म्हणजे कुठला दात दुखतोय ते झांजेनंच सांगायचं. हौदु, हौदु." कानडीतलं 'होय' त्यांच्या तोंडून आपोआप निघे. "जमवू की."

रविवारी दवाखाना बंद असे. पेशंटच्या खुर्चीवर अ‍ॅक्रिलिकची गोल चकती झोपवलेली, वर तो मोठा दिवा, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकलेलो. फुगवट्यासाठी त्यांनी अ‍ॅक्रिलिक तापवून त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, स्टीलच्या वाटीवर दाबलं. वाटी कामातून गेली. पहिली झांज तडकली, दुसरी वितळली. तिसरीच्या कडेखाली तांब्याच्या दोन पट्ट्या आणि मध्ये पातळ फोम घातला, म्हणजे कडेवर काठी पडली की पट्ट्या टेकणार आणि पेटीला कळणार. फुगवट्याखालीही तसंच. पण मध्ये मारलं की कड वाजायची, कडेला मारलं की फुगवटा. डॉक्टर तिच्यावर टिचक्या मारत विचारत राहायचे, "हितं लागतंय का?" आणि पेटीचं उत्तर हमखास चुकायचं.

कित्येक रविवार असे गेले. वहिनी चहा आणत, कधी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणत आणि लगेच आत जात. त्यांना अर्धशिशीचा त्रास होता; उजेड आणि आवाज सोसत नसे. डॉक्टर त्यांच्यासाठी दार हळू लावत, चमचासुद्धा बशीत जपून ठेवत. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

मी काम करता करता तळमजल्यावरच्या आजोबांना बोलत असे. माणसानं इतकं कुजकं असावं का, समोर येऊन सांगायला काय झालं होतं, असं बरंच काही. डॉक्टर तारांना डाग देता देता मान खाली घालून ऐकायचे. कधी म्हणायचे, "जाऊ द्या की ताई." मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस.

शेवटी दाताचं माप घेतात ते मऊ सिलिकॉन त्यांनी पितळी चकतीखाली गादीसारखं भरलं आणि हादरे जिथल्या तिथं राहिले. मी काठी मध्ये मारली, घंटा वाजली. अंगावर मारली, चरचर. कडेवर मारली आणि चिमटीत धरली. आवाज फुटला आणि गप्प झाला. हेडफोनचं एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या. डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि पेशंटच्या खुर्चीत मटकन बसले. बराच वेळ नुसते हसत होते.

आम्ही चार झांजा केल्या. वाद्यवृंद पुन्हा उभा राहिला आणि पहिला कार्यक्रम शहरातल्याच एका सभागृहात ठरला. मी निवेदिकेला बजावून ठेवलं होतं की झांजा कुणी केल्या ते सांगायचंच. तिनं सांगितलं. डॉक्टर जागेवर अर्धवट उठले, हात जोडले, लगेच बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे सासरे पहिल्या रांगेत होते. त्यांनीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मागं कपड्यांच्या खोलीत वहिनी आल्या. गर्दीत सहसा न येणारी बाई माझ्यासाठी आली होती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि फार मायेनं म्हणाल्या, "तेव्हा मला लई त्रास व्हायचा हो तुमच्या ढोलाचा. ह्यांनी पोलिसांत सांगितलं म्हणून मी वाचले. आणि बघा, त्यातनंच तुमचं हे चांगलं झालं की."

त्यांना वाटत होतं, मला माहीत आहे. इतके रविवार त्यांच्या घरात बसलेल्या बाईला हे माहीत नसेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी बहुतेक हसले असेन.

सोमवारी सकाळी पेशंट यायच्या आधी मी दवाखान्यात गेले. डॉक्टर हत्यारं उकळत्या पाण्यातून काढून कापडावर मांडत होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. एक चिमटा हातात धरून ते तसेच उभे राहिले.

मी विचारलं, तक्रार करायच्या आधी एकदा वर का आला नाहीत. वहिनींना त्रास होतो एवढं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी बंद केलं असतं.

"माहीत नव्हतं तुम्ही कशा आहात ते," ते म्हणाले. "नवीनच आलो होतो की. तोंडावर कसं सांगायचं, म्हटलं."

"आणि नंतर? नंतर तर माहीत झालं."

"सांगणारच होतो. पहिली झांज होऊ दे म्हटलं. मग म्हटलं, दुसरी होऊ दे."

हे मी कदाचित पचवलं असतं. बायकोसाठी माणूस काहीही करतो, आणि केल्यावर घाबरतो. पण मी आजोबांचं नाव काढलं. म्हटलं, इतके दिवस मी त्या म्हाताऱ्या माणसाला तुमच्यासमोर शिव्या घातल्या. एकदाही थांबवावंसं वाटलं नाही?

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला, इतका हळू की आवाज आला नाही.

"थांबवलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग कोण."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. मी जिना चढताना त्यांच्या दारावरून जायचे तेव्हा ते आत असत, पाठमोरे, कुणाच्या तरी तोंडात वाकलेले. मला राग यायचा तो त्या पाठीचा नव्हे. राग यायचा रविवारांचा. त्यातला कुठला खरा धरायचा, हे मला ठरवता येत नव्हतं. माझ्यासाठी भाजलेली त्यांची बोटं मी डोळ्यांनी पाहिली होती. आणि त्याच बोटांनी ती तक्रार लिहिली होती.

मी तळमजल्यावर गेले. आजोबांना मोठ्यानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टर त्यांच्याकडेही तक्रारीवर सही मागायला आले होते. त्यांनी दिली नव्हती. मग खुर्ची पुढं ओढून ते म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय. पण तुमचा तो मोठा ढोल वाजला की हितं छातीत वाजायचं. मागावर बसल्यासारखं. म्हणून अंगणात यायचो मी." पुढच्या दिवाळीला मी स्वतः त्यांचा फराळ घेऊन गेले.

झांजा माझ्याकडेच आहेत. कार्यक्रमाला त्याच लागतात. कुणी विचारलं, कुठून घेतल्या, तर घरी बनवल्या आहेत एवढंच सांगते. टाकून द्याव्या असं मनात आलं होतं, पण इतका चांगला आवाज मला दुसरीकडे मिळाला नाही. त्या चांगल्या आहेत, हे कबूल करतानाही मला त्रास होतो.

वर्षभरानं डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. वहिनींना अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावी शांत वाटतं, असं शेजारणीकडून कळलं. सामान हलवण्याच्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पेशंटची ती अवजड खुर्ची चार हमालांनी कशीबशी खाली उतरवली आणि रस्त्यावर कडुलिंबाच्या झाडाखाली ठेवली. टेंपो पहिली खेप टाकायला गेला होता. डॉक्टर थोडा वेळ खुर्चीशेजारी उभे राहिले, मग त्यांच्या पेशंटसारखेच तिच्यात बसले, मान मागं टेकवून. तशी मान टेकवली की नजर आपोआप वर जाते. त्यांना मी दिसले. माझ्या हातात ओली चादर होती. ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं, आणि त्यांनी तोंड उघडलंही, पण रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता.

ट्रॅक्टर गेला. टेंपो आला. ते उठले, खुर्चीवर पडलेली लिंबाची पानं रुमालानं झटकली, आणि हमालांना म्हणाले, "सावकाश घ्या."