बुधवारी घर बंद राहील

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी तुळजापुरात मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि पहिली गोष्ट ठरवली: आईला येडशीचं रान दाखवायचं. तिथं झाडीत जुन्या गढीचे पडके बुरूज आहेत. लहानपणी आई ते तिच्या वडलांबरोबर पाहून आली होती. लग्न होऊन पुजाऱ्याच्या घरात आली ती चुलीपुढंच बसली. आमचे यजमान, म्हणजे आमच्याकडून देवीची पूजा करून घेणारी घरं, पिढीजात. देवीला गावोगावचे शेतकरी येणार, न कळवता येणार आणि उतरणार आमच्याच ओसरीवर. जेवू घातल्याशिवाय त्यांना पाठवायचं नाही, हा रिवाज. एकवीस वर्षांत बाईला एक दिवस सुटी नाही! लई चीड यायची मला.

"यजमान आले तर?" आप्पांनी, माझ्या वडलांनी, विचारलं.

"तुम्ही आहात की."

"मी काय भाकरी थापू?"

"शिका," मी म्हणाले. आप्पा तणतणत देवळाकडं निघून गेले.

मी हटले नाही. मंगळवारी, शुक्रवारी, पुनवेला गर्दी. म्हणून बुधवार धरला. धाराशिवची सकाळची एस्टी, तिथून येडशीची, पुढं पायी. शाळेचा शिपाई त्याच बाजूचा. ओढा डाव्या हाताला ठेवून चालत राहा, म्हणाला. आई नुसती ऐकायची. एकदाच बोलली, "बुरजावर सीताफळीचं झाड होतं." आता न्यायचं म्हणजे न्यायचंच.

मग मी नको ते शहाणपण केलं. वरचेवर येणाऱ्या यजमानांना कार्डं टाकली: 'येत्या बुधवारी येऊ नये. घर बंद राहील.' कारण लिहिलं नाही. कशाला लिहायचं?

बुधवारी उजाडतंय तोवर दारात तीन बैलगाड्या! कधी बंद न राहिलेल्या घराचं असलं कार्ड आलं म्हणजे घरात कुणीतरी गेलं, असंच सगळ्यांनी धरलं होतं. बायका डोळ्यांना पदर लावूनच उतरल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून प्रत्येकीच्या काखेत पिठलं-भाकरीचं गाठोडं. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. आईनं सवयीनं पदर खोचला आणि आत वळली.

"आई, एस्टी जाईल!" मी ओरडलेच.

तेवढ्यात एका यजमानणीनं तिचा हात धरला. "काकू, आमाला वाटलं तुमीच गेलाव!" म्हणून रडायला लागली.

आईनं त्या गाठोड्यांकडं पाहिलं. मग हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"मी मेले म्हणून भाकरी बांधून आणल्यात ना? मग आज मेलेच समजा. बसा, जेवा, यांनाही वाढा."

तिनं आप्पांकडं बोट केलं, खोचलेला पदर सोडला, पायात वहाणा सरकवल्या आणि माझ्याआधी रस्त्याला लागली.